ओसाकात एकच संध्याकाळ आहे? उंचावरून शहर बघायला कोणत्या बिल्डिंगवर जाल, हारुकास की उमेदा स्काय?

आधी उंचीचं बोलू, कारण बहुतेक जण तिथेच अडकतात. आबेनो हारुकास ३०० मीटर, ६० मजली, २०१४ ला पूर्ण सुरू झाली आणि २०२३ मध्ये टोकियोत अझाबुदाई हिल्सचा टॉवर होईपर्यंत जपानमधली सगळ्यात उंच बिल्डिंग हीच होती. उमेदा स्काय १९९३ ची, १७३ मीटर. आकडे बघून निर्णय घेणार असाल तर विषय इथेच संपतो, पण प्लीज तसं करू नका.

उमेदा स्कायमध्ये बिल्डिंगच बघण्यासारखी आहे. आर्किटेक्ट हिरोशी हारा यांनी दोन टॉवर उभे केले आणि ते पार वरती जोडले, तो जोडणारा भाग जमिनीवर तयार करून मग वर उचलला होता! शेवटचे काही मजले तुम्ही काचेच्या नळीतल्या एस्कलेटरने चढता, दोन्ही टॉवरच्या मधल्या पोकळीतून, खाली बघितलं की पोटात गोळा येतो आणि वर गच्चीवर आलात की काच नाही, छप्पर नाही, नुसता वारा. सूर्य मावळताना योदो नदीचं पाणी सोनेरी होत जातं आणि एकेक करून पुलांवरचे दिवे लागतात, तेवढ्यासाठी तरी तासभर आधी जाऊन जागा धरा. भूक लागली की तळघरात ताकिमी-कोजी आहे, जुन्या काळच्या गल्लीसारखी सजवलेली, छोटी छोटी हॉटेलं.

हारुकासचा खरा फायदा सोय. बिल्डिंग स्टेशनवरच उभी आहे, किंतेत्सु या रेल्वे ग्रुपचं डिपार्टमेंट स्टोअर, म्युझियम, ऑफिसं, हॉटेल सगळं एकावर एक. समोरच तेन्नोजी स्टेशन, कानसाई एअरपोर्टची हारुका ट्रेन तिथे थांबते. उमेदाला ओसाका स्टेशनवरून दहाएक मिनिटं चालावं लागतं. आईबाबा सोबत असतील, गुडघे दुखत असतील किंवा पाऊस असेल तर डोळे मिटून हारुकास, ६० व्या मजल्यावर चारही बाजूंनी काच आहे त्यामुळे आत बसून निवांत बघता येतं, त्सुतेनकाकू टॉवर तर खाली खेळण्यासारखा दिसतो. आणि तिकीट काढायचं नसेल तरी १६ व्या मजल्यावरची बाग फुकट आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

हवा स्वच्छ असेल आणि पाय धड असतील तर मी उमेदालाच पाठवेन. फक्त जॅकेट न्या, थंडीत वरचा वारा अक्षरशः कान कापतो.