घरी येणारी पॅलिएटिव्ह टीम, आमचा अनुभव
पप्पांना फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, आणि आधीच्या हॉस्पिटलमधले डॉक्टर शेवटपर्यंत आयसीयू नाहीतर व्हेंटिलेटर एवढंच बोलायचे, मॉर्फिनचं, म्हणजे जोरदार दुखणं थांबवणाऱ्या औषधाचं, नाव काढलं की म्हणे सवय लागेल, अहो ज्या माणसाला रात्रभर कुशीवर वळता येत नाही त्याला कसली सवय! मग ही पॅलिएटिव्ह टीम मिळाली, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचं दुखणं आणि त्रास कमी करणारे लोक. मॅडमनी पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि आम्हाला नाही, आधी पप्पांनाच विचारलं, काका, तुम्हाला काय हवंय? मॉर्फिनची गोळी दर ४ तासांनी, दुखायची वाट न बघता, आणि पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत, सिस्टरनी आईला वहीत लिहून दिलं. लिव्हिंग विलचंही नीट समजावलं, म्हणजे बरं व्हायची आशा नसेल तेव्हा व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत हे पेशंटने आधीच लिहून ठेवायचं, सुप्रीम कोर्टाने २०१८ ला मान्य केलंय आणि २०२३ पासून नोटरीसमोरही करता येतं, आधीच्या डॉक्टरांना हेच माहीत नव्हतं याचा खूप राग येतो. रात्री फोन लवकर लागत नाही, ते सुधारा प्लीज. बाकी पप्पा शेवटच्या आठवड्यात शांत झोपले, नातवाशी बोलले. ज्यांच्या घरी असं पेशंट आहे त्यांनी उशीर करू नका, ट्रीटमेंट चालू असतानाच बोलवा.