सफेद मुसळीचे ऑनलाइन कंद: एका पावसाळ्यानंतर रेटिंग बदललं

जूनमध्ये दिलेला एक स्टार आता तीन केला आहे. सुट्या मुळ्यांची तक्रार मात्र कायम. मुसळीच्या नुसत्या बोटाला, म्हणजे जाड मुळीला, डोळा नसतो. वरच्या चकतीचा (सगळी बोटं जिथे जोडलेली असतात त्या खोडाचा) तुकडा सोबत नसेल तर कोंब येतच नाही, मुळी जमिनीत कुजते. विक्रेता पैसे वजनावर घेतो आणि मोडकी बोटंही त्याच वजनात घालतो. ही सरळ लूट आहे. पार्सल उघडताच प्रत्येक झुपका उलटा करून चकती बघा, बिनचकतीचा माल वेगळा तोलून फोटो पाठवा आणि तेवढे पैसे परत मागा. झुपका फोडायचा तर धारदार चाकूने, प्रत्येक बोटाला चकतीची फाक ठेवून.

दोन स्टार वाढवले ते जात अस्सल निघाली म्हणून. पहिल्या पावसात त्र्यंबक-पेठकडून येणारी फोडशीची (मुसळीच्या गटातल्या वनस्पतींच्या कोवळ्या पानांची) भाजी एकाच जातीची असेल असं नाही, आणि कोवळ्या पानांवरून फरक कळत नाही. मुळं बघा. सफेद मुसळीची (क्लोरोफायटम बोरिविलियानम, १९५५ साली बोरिवलीच्या नावाने नोंदलेली) जाड बोटं थेट चकतीतून निघतात. तिच्याच गटातल्या दुसऱ्या जातीचे, क्लोरोफायटम ट्युबरोसमचे, कंद बारीक दोऱ्यांच्या टोकाला लटकतात, फूलही मोठं असतं.

नाशिकच्या काळ्या मातीत सपाट लावली तर सडणारच. फूटभर उंच गादीवाफा, मातीत मुरूम किंवा वाळू, पूर्ण कुजलेलं शेणखत, अंतर ३० बाय १५ सेंमी. कुंडी असेल तर खोल हवी. पाऊस चालू असताना वरून पाणी नको. पांढरी, सहा पाकळ्यांची फुलं पावसाळ्यातच येतात. बी काळं, कांद्याच्या उळ्यासारखं, पण उगवण फार कमी. बियांच्या पाकिटावर पैसे घालवू नका.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पानं पिवळी पडून झोपतात. ‘झाड मेलं’ म्हणून एक स्टार देणारे इथेच चुकतात. ती सुप्तावस्था आहे: पाणी बंद करा, कंद मातीतच राहू द्या. साल पांढुरकीची तपकिरी झाली की उन्हाळ्याआधी काढा, न धुता सावलीत कोरड्या वाळूत ठेवा. पुढच्या जूनची लागवड त्यातूनच होते, पुन्हा खरेदी नाही. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावरून मात्र एकही कंद उपटू नका. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे.