तिरकं शीर्षक हवंय: ‘कलम’ घ्यायचा की ‘बलू’ कलवायचा?

बालनाट्याचं पोस्टर, चिवड्याच्या पाकिटावरचं नाव, बारशाची पत्रिका. अशा कामांना शीर्षक जरा खेळकर आणि तिरकं शोभतं. देवनागरीत त्यासाठी बहुतेक जण दोन वाटा धरतात. एक, मुळातच तिरका काढलेला ‘कलम’ हा फॉन्ट घ्यायचा. दुसरी, गुबगुबीत, उभा ‘बलू’ घेऊन इटालिकचं बटण दाबायचं. दोन्ही फॉन्ट मोफत आहेत आणि त्यांचा मुक्त परवाना व्यावसायिक छपाईलाही चालतो. त्यामुळे निवड अक्षराकडे पाहूनच करायची.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते आधी बघू. ‘बलू’ला स्वतःचं इटालिक नाही, म्हणून सॉफ्टवेअर अख्खं अक्षर उजवीकडे तिरकं ढकलतं. शिरोरेषा आडवीच राहते, काना कलतो, इथवर ठीक. पण उजवीकडे चढत जाणाऱ्या रेषा बारीक होतात आणि उतरत जाणाऱ्या जाड. एरवी डावीकडे झुकणारी मात्रा सरळ उभी राहायला लागते. ‘र’चा खाली उतरणारा पायही तसाच उभट होतो. ‘मेतकूट’ किंवा ‘खेळघर’ असं लिहून पाहा, मात्रेचा आणि कान्याचा कल जुळत नाही हे लगेच दिसेल. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाने ‘बलू’त जो गोल, एकसारखा जाडपणा जपलाय, तोच या ढकलाढकलीत जातो. मला हे अक्षरावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

‘कलम’मध्ये तिरकेपणा हातातून आलाय. इंडियन टाइप फाउंड्रीच्या या फॉन्टमधली देवनागरी अक्षरं लिपी रावल या डिझायनरची, रोमन (इंग्रजी) अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची. बॉलपेन किंवा स्केचपेनने भरभर लिहावं तसं त्याचं वळण आहे. अक्षरांतल्या एरवी बंद असणाऱ्या गाठी (‘म’च्या डावीकडे असते तशा) काही ठिकाणी उघड्या सोडल्यात, त्यामुळे ओळ मोकळी दिसते. जोडाक्षरंही भरपूर आहेत. पत्रिका, मुलांच्या पुस्तकातले संवाद, हाताने लिहिल्यासारखी चिठ्ठी, इथे मी डोळे झाकून ‘कलम’ घेईन.

त्याची मर्यादा वजनाची. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड, एवढ्या ३च जाड्या. रस्त्यापलीकडून वाचायच्या फ्लेक्सवर त्याचा बोल्डही किरकोळ वाटतो. तिथे ‘बलू २’, म्हणजे ‘बलू’ची नवी आवृत्ती घ्या. त्यात रेग्युलरपासून एक्स्ट्राबोल्डपर्यंत ५ जाड्या आहेत. मात्र तो उभाच ठेवा. खेळकरपणा त्याच्या गोलाईत आहेच, हवं तर अख्खी ओळच थोडी फिरवून चढती लावा. तशी फिरवली तर अक्षराचं रूप बिघडत नाही.

कुठलाही घेतलात तरी छपाईला देण्याआधी ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात का, आणि ‘शुद्ध’, ‘राष्ट्र’सारख्या शब्दांतली जोडाक्षरं नीट जुळतात का, ते तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये तपासा.