कॉलेजला सायकल न्यावी का? आठ महिन्यांनंतर सांगते

प्रवेश पक्का झाला आणि घरात आठवडाभर एकच खल: सायकल न्यायची की नाही. बाबा म्हणाले, चोरीला जाईल. मी म्हटलं, रोज दोनदा जाऊन-येऊन आठ किलोमीटर कोण चालणार? शेवटी घरातलीच जुनी, बिनगिअरची सायकल घेऊन आले. आठ महिने ती रोज वापरतेय.

हॉस्टेलपासून वर्ग २ किलोमीटर. चालत २५ मिनिटं, सायकलवर ८ ते १०. दोन लेक्चरच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला की खोलीवर येऊन पडता येतं, हे सुख चालणाऱ्यांना नाही. अंतर अर्ध्या किलोमीटरच्या आत असेल तर मात्र नेऊ नका. कुलूप काढण्या-लावण्यातच वाचलेला वेळ जातो.

चोरीबद्दल बाबांचं खरं होतं. पहिल्याच महिन्यात माझ्या शेजारी लावलेल्या सायकलचं फक्त पुढचं चाक सकाळी जागेवर होतं, कुलपासकट. बाकी सायकल गायब. चाक दांडी फिरवून हाताने सुटणारं होतं आणि कुलूप तेवढ्या चाकालाच लावलेलं. त्या दिवशी मी माझं पातळ केबलचं कुलूप टाकून जाड यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या लोखंडी दांड्याचं कुलूप, आणलं. आता मागचं चाक आणि फ्रेम दोन्ही एकत्र लोखंडी रॉडला अडकवते. फ्रेमवर कोरलेला नंबर बहुधा पॅडलचा दांडा फ्रेममधून जातो तिथे खालच्या बाजूला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. नवी चकचकीत सायकल नेण्यापेक्षा जुनी न्या आणि पैसे कुलपावर घाला, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त त्रास पावसाने दिला. आमच्या स्टँडवर छप्पर नाही. दोन दिवस सायकल भिजली की चेनीवर नारिंगी गंज चढायचा आणि पॅडल मारताना करकर ऐकू यायची. मी आधी वरून भसाभस तेल ओतत होते. त्यावर धूळ बसून काळा चिकट लगदा झाला, सलवारीचा डाग अजून गेलेला नाही. आता चेन जुन्या फडक्याने पुसते, प्रत्येक कडीच्या सांध्यावर एकेक थेंब सोडते, पॅडल उलटं फिरवते आणि वरचं तेल पुन्हा पुसून घेते. पंधरा मिनिटांचं काम. मडगार्ड नसेल तर पाठीवर चिखलाची पट्टी घेऊन वर्गात बसावं लागतं. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, तो आधीपासून हलका दाबत यावा.

हवा न वापरताही कमी होते. दर दोन आठवड्यांनी भरते. किती भरायची ते टायरच्या कडेला लिहिलेलं असतं. मी कंटाळा केला आणि मऊ टायर खड्ड्यात आपटला. ट्यूब रिमखाली चिमटून शेजारीशेजारी दोन भोकं पडली. तेव्हापासून पॅच आणि छोटा पंप खोलीत असतो.

दप्तर पाठीवर नको, घामाने शर्ट भिजतो. कॅरिअरला बांधा. रात्री पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच.

प्रवेश घेणाऱ्यांना मी आता आधी विचारते की सायकल रात्री कुठे राहणार. छप्पर आणि बांधायला पक्का रॉड असेल, तर डोळे मिटून न्या. आमच्याकडे छपरासाठी आम्ही चौदा जणांनी सह्या करून अर्ज दिलाय. तोवर सीटवर प्लास्टिकची पिशवी.