मोनॅकोत मुक्काम: होतेल द पारी की एर्मिताज?

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मोनॅकोत दोन रात्री राहायचं ठरवलेल्या मावसबहिणीचा प्रश्न होता: दोन्हींतलं कुठलं घेऊ?

मालक एकच, त्यामुळे सेवेत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. फरक जागेचा आहे. १८६४ साली सुरू झालेलं होतेल द पारी थेट कॅसिनोच्या चौकात आहे. लॉबीत फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाचा अश्वारूढ पुतळा आहे. नशीब उघडावं म्हणून जुगारी त्या घोड्याचा गुडघा चोळतात, त्यामुळे तेवढाच भाग लखलखतो. रात्री हॉटेलातल्याच बार अमेरिकाँमध्ये जॅझ ऐकून दोन मिनिटांत खोलीत परतता येतं. एर्मिताज तिथून चालत काही मिनिटांवर, पण गजबजाटापासून सुटलेलं. तिथला, आयफेल टॉवरवाल्या आयफेलचा रंगीत काचांचा घुमट सकाळच्या उन्हात निवांत बघावा, मला तो चौकातल्या सगळ्या झगमगाटापेक्षा सुंदर वाटतो.

जेवणात मात्र पारीच सरस. फ्रेंच शेफ आलँ द्युकासचं 'ल लुई कॅन्झ' हे रेस्टॉरंट तिथेच आहे, मिशलिन गाइडचे तीन तारे, म्हणजे सर्वोच्च मानांकन असलेलं. शाकाहारी असाल तरी घाबरू नका, भाज्यांवर बेतलेलं जेवण ही तिथली जुनी ओळख. मांसाचा रस्सा चालत नाही हे आरक्षण करतानाच स्पष्ट सांगा. एर्मिताजमधलं शेफ यानिक आलेनोचं 'पाव्हियाँ' जरा मोकळं, काउंटरवर बसून स्वयंपाक बघता येतो.

खर्च? सहसा एर्मिताज स्वस्त पडतं. जूनच्या सुरुवातीच्या ग्रांप्रीच्या, म्हणजे फॉर्म्युला वन मोटारशर्यतीच्या आठवड्यात दोन्हींचा नाद सोडा.

रात्र जागवायची असेल त्यांनी पारी घ्यावं. शांतपणे एकमेकांसोबत राहायचं असेल तर एर्मिताज, आणि एक रात्र जेवायला पारीत.