हायब्रिड की एमटीबी? मराठवाड्यातल्या गावात सायकल घेताना

उदगीर, परभणी, अंबाजोगाई, गाव कोणतंही असो. सकाळी वीस-तीस किलोमीटर फिरायला सायकल हवी म्हटलं की दुकानदार आधी जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, बाहेर काढतो. दिसायला ती भारीच असते. मात्र फेऱ्या डांबरी रस्त्यावर होणार असतील, तर साध्या फोर्कची (पुढचा चिमटा शॉकअप नसलेला) आणि ३५ ते ४० मिलिमीटर टायरची हायब्रिड, म्हणजे रस्त्याची सायकल आणि एमटीबी यांच्या मधली, जास्त उपयोगी पडते. त्यापेक्षा बारीक टायर नको.

कारण आपल्याकडे डांबराची कड ढासळलेली असते. ऊसतोडीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर समोरून आला की साइडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि तिथे चार बोटं खाच असते. २८ मिलिमीटरचा टायर त्या कडेवर घसरतो किंवा रिमवर दाबला जाऊन ट्यूबला समोरासमोर दोन चिरा पडतात. ३८ चा टायर ५० ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेवर हे सहन करतो. एमटीबीच्या २.१ इंची टायरला तर ३५-४० पीएसआयवर खाच जाणवतही नाही. पण उरलेल्या सगळ्या रस्त्यावर त्याचे रबरी गोटे घरघरत राहतात आणि पाय लवकर भरून येतात.

शॉकअपचं मात्र पटत नाही. स्वस्त सायकलीतला शॉकअप स्वतःच दोन किलोच्या पुढे भरतो, चढावर उभं राहून पायडल मारलं की खाली-वर होतो, आणि धूळ आत गेली की वर्ष-दोन वर्षांत कुरकुरायला लागतो. गावात तो उघडून ग्रीस भरणारा सहसा भेटत नाही. एमटीबीच घ्यायची असेल तर साध्या फोर्कची मागा.

काट्यांच्या बाबतीत दोन्ही सारख्याच. बाभळीचा वाळलेला काटा टायर जाड की पातळ ते बघत नाही. शेताच्या कुंपणासाठी फांद्या ओढत नेल्या की मागे रस्त्यावर काटे पडतात, आणि पावसाळा संपला की कडेला सराटे वाळून तयार असतात. टायर आणि ट्यूबमध्ये प्लास्टिकची पट्टी घातली तर पंक्चर कमी होतात, बंद होत नाहीत. पंक्चर काढल्यावर ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवून बघा. काट्याचं मोडलेलं टोक रबरात राहिलेलं असतं, आणि तेच पुढच्या किलोमीटरवर दुसरं पंक्चर करतं. बिनसोल्युशनचे चिकट पॅच एप्रिल-मेच्या उन्हात सुटतात. सोल्युशन लावून, पुरतं सुकू देऊन चिकटवलेला पॅच टिकतो.

‘हायब्रिडची ट्यूब गावात मिळत नाही’ असं सांगितलं जातं. हायब्रिडच्या चाकाच्या मापाची, ७०० ची ट्यूब नसली तरी जुन्या काळ्या सायकलीची २८ × १½ ची ट्यूब त्या टायरात बसते. अट एकच: रिमचं भोक मोटरसायकलसारख्या जाड वॉल्व्हचं हवं. बारीक वॉल्व्हच्या रिमला भोक लहान असतं, त्यात या ट्यूबचा वॉल्व्ह जात नाही. शिवाय बारीक वॉल्व्हमध्ये साध्या पंपाने हवा भरायला पितळी अडॅप्टर जवळ ठेवावा लागतो. म्हणून घेतानाच वॉल्व्ह बघा.

गिअरचं गणित गावावर आहे. काळ्या सायकलीत पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले तर पायडलच्या एका पूर्ण फेरीला सुमारे ५.४ मीटर अंतर जातं. परभणी, मानवत, सेलूकडच्या सपाटीला ते चालतं, आणि रोज सात-आठ किलोमीटरच जायचं असेल तर नवी सायकल घेऊच नका. छर्रे, ब्रेकरबर आणि टायर बदलून तीच वापरा. बालाघाटाच्या अंगाला, म्हणजे तुळजापूर-अंबाजोगाईकडे, चढावर पुढे २८ आणि मागे २८ दाते लागतात. त्यात पायडलला जेमतेम २.२ मीटर जातं, पण बसून चढता येतं. एमटीबीत पुढे २४ दातेही मिळतात. सामान घेऊन घाट चढणाऱ्यांना तेवढा फरक कामाचा.

ब्रेकमध्ये हायड्रॉलिक डिस्क टाळा. तेल गळालं, आत हवा शिरली तर ब्लीडिंगचं, म्हणजे हवा काढून तेल भरायचं, सामान जवळच्या मोठ्या शहरात. तारेची डिस्क किंवा व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा) कुठलाही मिस्त्री जुळवतो. डिस्कचे पॅड वेगवेगळ्या आकारांत येतात, म्हणून सायकलीसोबतच एक जोडी घेऊन ठेवा.

एमटीबी खरी कामाला येते ती गाडीवाटेवर, शेतात, पाणंदीत. तिथे खाचांचा टायर मुरमात पकड धरतो. काळ्या मातीच्या चिखलात मात्र कुणाचंच काही चालत नाही. हायब्रिडचा मडगार्ड काही फुटांत भरतो, एमटीबी थोडी पुढे जाते, मग तीही जाम. चाक फिरेना म्हणून पायडलवर जोर दिला तर मागचा गिअर आऱ्यांत ओढला जातो आणि तो ज्यावर टांगलेला असतो तो हूक वाकतो किंवा तुटतो. उतरा, काडीने चिखल काढा, तोही ओला असताना. वाळला की विटेसारखा होतो.

उंचीचा मुद्दा दुकानात बहुतेक टाळला जातो, कारण एकाच मापाची सायकल शिल्लक असते. सीट वर करून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. सीटचा दांडा खुणेच्या वर काढावा लागत असेल तर फ्रेम लहान आहे. आणि दुकानदाराशी आधीच ठरवून घ्या: पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर आरे ताणून रिमचा आऊट काढणं आणि ब्रेक-गिअरच्या सैल झालेल्या तारा ओढणं त्याच किमतीत.