गेममधला आवाज बाहेर काढायचाय? कोणतं साधन कोणासाठी

जत्रेतल्या नाटकांना पार्श्वसंगीत देणारी गोव्यातल्या फोंडा-डिचोलीकडची बरीच मुलं आता लॅपटॉपवर काम करतात. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: गेममधलं संगीत सुटं करून ऐकायचंय, तर असेटस्टुडिओ घेऊ, असेटरिपर घेऊ की सरळ क्विकबीएमएस? प्रश्न रास्त आहे. प्रसंग तापत जातो तशी वाद्यं एकेक करून कशी चढतात, हे गेमच्या संगीतात फार स्वच्छ दिसतं. पण कंटेनर (अनेक फाइली एकत्र बांधलेलं गाठोडं) उघडणं वेगळं आणि आतला आवाज डीकोड करणं, म्हणजे वाजवता येईल असा उलगडणं, वेगळं. या दोन कामांसाठी साधनं वेगवेगळी निवडावी लागतात. ती एकत्र धरली की माणूस चुकीचं साधन घेऊन बसतो.

आधी गेमचं फोल्डर उघडून बघा. ‘शेअर्डअसेट्स’ नावाच्या फाइली दिसल्या तर गेम युनिटी या इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, केलेला आहे. ‘कंटेंट’च्या आत ‘पाक्स’ फोल्डर असेल तर अनरिअल हे दुसरं इंजिन. आणि ‘बीएनके’ किंवा ‘डब्ल्यूईएम’ प्रकारच्या फाइली असतील तर इंजिन कुठलंही असो, आवाजाचं काम वाइज या वेगळ्या ध्वनी-सॉफ्टवेअरकडे दिलेलं आहे.

युनिटीसाठी खरी निवड दोघांतच आहे. असेटस्टुडिओ हलका, विंडोजवर चालणारा. यादीतल्या क्लिपवर टिचकी मारली की ती तिथेच ऐकता येते, त्यामुळे शेकडो आवाजांतून हवा तो निवडायला सोपा. मूळ लेखकाने त्याचं काम थांबवलं आहे, म्हणून नव्या युनिटीसाठी इतरांनी पुढे चालवलेली आवृत्ती शोधावी लागते. असेटरिपरवर काम चालू आहे. तो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, पण अख्खा गेम उचलून घेतो आणि मोठ्या गेमला रॅम भरपूर खातो.

माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचा फरक पुढे आहे. युनिटी आपला आवाज एफमॉड या ध्वनी-सॉफ्टवेअरच्या ‘एफएसबी५’ साच्यात ठेवते. तो बहुतेकदा वॉर्बिस पद्धतीने दाबलेला (कमी जागेत बसवलेला) असतो आणि जागा वाचवण्यासाठी त्याचं सुरुवातीचं हेडर, म्हणजे तो कसा उलगडायचा हे सांगणारा भाग, काढून टाकलेलं असतं. असेटस्टुडिओ तो पूर्ण उलगडून वेव फाइल देतो. असेटरिपर हेडर परत जोडून ओजीजी (वॉर्बिस आवाजाची नेहमीची फाइल) देतो, म्हणजे गेममध्ये होता तोच दाबलेला आवाज. ऐकायला दोन्ही सारखेच. पण ४४.१ किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव मिनिटाला सुमारे १० एमबी घेते, तर १२८ केबीपीएसची ओजीजी सुमारे १ एमबी. संग्रह ठेवायचा तर ओजीजी घ्या, लगेच संपादन करायचं तर वेव. कुठल्याही परिस्थितीत या फाइलींची एमपी३ करू नका. एकदा दाबलेला आवाज दुसऱ्यांदा दाबला की झांजा आणि तंतुवाद्यांची वरची धार जाते, आणि शिकायचं असतं ते नेमकं तिथेच.

अनरिअलला एफमॉडेल हे साधन पुरे. नव्या गेमना ‘यूटॉक’ आणि ‘यूकॅस’ अशी कंटेनर फाइलींची जोडी असते, तीही तो वाचतो. काही गेमचे कंटेनर एईएस चावीने (सांकेतिक कुलपाने) बंद असतात. भारतीय कॉपीराइट कायद्याचं कलम ६५अ, जे २०१२ च्या दुरुस्तीत आलं, हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं. चतुर्थीच्या चलचित्राला किंवा नाटकाला असं काढलेलं संगीत परवानगीशिवाय लावू नये. दुसऱ्या संगीतकाराची मेहनत आहे ती. अभ्यास करा आणि आपलं रचा.

डीकोड करायच्या कामात माझा कौल निःसंशय व्हीजीएमस्ट्रीमला. वाइजच्या डब्ल्यूईएमसाठी अजून पुष्कळजण डब्ल्यूडब्ल्यूटूओजीजी वापरतात. ते चांगलं आहे, ओजीजीच देतं, पण त्याला योग्य कोडबुक फाइल (आवाज उलगडायचे तक्ते) द्यावी लागते आणि वर रीव्हॉर्ब या साधनाने वेळेच्या नोंदी दुरुस्त कराव्या लागतात. व्हीजीएमस्ट्रीम वेव देतो, पण शेकडो साचे ओळखतो: एफएसबी, डब्ल्यूईएम, जपानी गेममधले एडीएक्स आणि एचसीए, प्लेस्टेशन आणि निन्टेन्डोचे एडीपीसीएमसुद्धा. फूबार२००० या प्लेअरमध्ये त्याचा प्लगइन बसवला की मूळ फाइल थेट वाजते.

शिवाय व्हीजीएमस्ट्रीम लूप समजतो. गेमचं संगीत आवर्तन पुरं करून समेवर यावं तसं ठरलेल्या बिंदूवर परत येतं, आणि तो बिंदू फाइलच्या आरंभी असेलच असं नाही. आधीचा उठाव एकदाच वाजतो. व्हीजीएमस्ट्रीम काही न सांगता लूप दोनदा वाजवतो आणि मग १० सेकंदांत आवाज विरवत नेतो. संपादनासाठी फाइल काढताना लूप बंद करायचा पर्याय द्या, नाहीतर हवी त्याहून लांब वेव हाती येईल.

सहा किंवा आठ चॅनेलची फाइल निघाली तर ती बिघडलेली समजून टाकू नका. अनेकदा त्या तीन-चार स्टिरिओ थरांच्या जोड्या असतात: एकीत नुसता आधारस्वर, दुसरीत तालवाद्यं, तिसरीत लढाईचा पितळी वाद्यवृंद. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात उघडून एकेक जोडी बंद-चालू करत ऐका. वाइजमध्ये हे थर सुट्या, आकडेरी नावांच्या फाइलींत विखुरलेले असू शकतात. तिथे वाइजर हे पायथॉनवरचं साधन बीएनके वाचून कुठला तुकडा कधी वाजतो याची नोंद तयार करतं, आणि व्हीजीएमस्ट्रीम त्या नोंदीप्रमाणे वाजवतो.

क्विकबीएमएस शेवटी. कंपनीने स्वतःचाच कंटेनर केलेला असेल आणि त्याची स्क्रिप्ट कुणी लिहून ठेवलेली असेल, तरच त्याच्याकडे वळा. तो फाइली सुट्या करतो, पण आतला आवाज ओळखून डीकोड करून देण्याची अपेक्षा ठेवू नका. पुढचं काम पुन्हा व्हीजीएमस्ट्रीमचंच. स्क्रिप्ट नसेल आणि आवाज न दाबलेला पीसीएम असल्याची शंका असेल, तर ऑडॅसिटीच्या ‘रॉ डेटा’ आयातीत १६ बिट, लिटल एंडियन निवडून बघा. सुरुवातीला खरखर आणि मग ओळखीचं संगीत आलं, तर फक्त सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) जुळवायचा राहतो.